आधी बाई, मग अलोन

‘लोनली’ या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ उल्हासनगरात लागला आणि तो मी लावला, असं मी नातवंडांना सांगते तेव्हा ती एकमेकांकडे बघून डोळे फिरवतात. फिरवू देत. त्यांचं इंग्रजी फाडफाड आहे, पण पोपटी मिसच्या क्लासला ती बसलेली नाहीत. मी बसले आहे. पहिल्या बाकावर, मोत्यांचा सेट घालून.

मोत्यांचा सेट अशासाठी, की तेव्हाच्या मला वाटायचं, इंग्रजी शिकायला जाताना आपण जरा इंग्रजी दिसावं. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! पस्तिशी गाठत आलेली, अकरावी पास, आणि त्या अकरावीचा तोरा असा की जणू विलायतेला जाऊन आले होते. आम्ही अंबरनाथला राहत होतो. आमचे हे एमआयडीसीत शिफ्टला जायचे. घरात सासू-सासरे, दोन दीर, जाऊ, मुलं, शिवाय गावाहून कुणी डोळे दाखवायला, कुणी लग्न जमवायला, कुणी नुसतंच राहायला आलेलं. थोरला मुलगा इंग्रजी शाळेत घातला होता. शाळेतल्या बाई पालकांशी इंग्रजीतून बोलायच्या आणि मी ‘येस, येस’ म्हणून परत यायची. एकदा त्यांनी सांगितलं की तुमचा मुलगा वर्गात फार बडबडतो, आणि मी ‘थँक्यू’ म्हणून हसत हसत घरी आले. मुलानेच मग मला त्याचा अर्थ सांगितला. त्या दिवशी ठरवलं, शिकायचं.

उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका जुन्या बराकीत पोपटी मिस राहायच्या आणि सकाळी तिथेच बायकांचा इंग्रजीचा क्लास घ्यायच्या. पोपटी हे नाव ऐकून मला रिक्षातच हसू फुटलं होतं. हिरवीगार साडी आणि बाकदार नाक, असं चित्र मी मनाशी काढून ठेवलेलं. दार उघडलं तर समोर उंच, शिडशिडीत बाई, पांढरा सलवार-कमीज, पुरुषासारखे कापलेले केस, चष्मा दोरीने गळ्यात. माझ्या चेहऱ्यावरचं हसू त्यांनी टिपलं.

“सिंधीत पोपट म्हणजे फुलपाखरू,” त्या म्हणाल्या. “तुला वाटलं मिठू मिठू. हो ना? बस.”

तेवढ्यावर मी थांबले असते तर बरं होतं. क्लासमधल्या सिंधी बायका त्यांना ‘दादी, दादी’ म्हणत होत्या. मी म्हटलं, चला, आपणही माणसं जोडू. आणि मोठ्या प्रेमाने त्यांना ‘आजी’ म्हणाले. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, हे मला नंतर कळलं. मिस माझ्याहून जेमतेम पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या होत्या. पुढे बरेच दिवस फळा पुसायचं काम माझ्याकडेच होतं.

पहिल्या दिवशी आपापली ओळख करून द्यायची होती. माझी पाळी आली. मी उभी राहिले, मोती सारखे केले आणि ठणकावून म्हटलं, “माय नेम इज नलिनी. आय ॲम लोनली.”

मला म्हणायचं होतं, मी एकटी आले, सोबत कुणी नाही.

वर्गात चक् चक् सुरू झालं. एका बाईने माझा हात धरला. मिस उठल्या, आत गेल्या आणि पाण्याचा ग्लास आणि भाजलेला पापड घेऊन आल्या. सिंध्यांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी आणि पापड देतात. मला वाटलं, लोनली माणसाला देतात.

“कोण त्रास देतो? सासू? हजबंड?”

“नाही मिस! रिक्षात बरोबर कुणी नव्हतं, एवढंच.”

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. मिस मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, शेजारी शेजारी. अलोन. लोनली.

“रिक्षातून एकटी आली ती अलोन. बस, एवढंच. त्यात रडायचं काही नाही. आता सांग, घरी किती माणसं?”

मी मोजायला लागले आणि पाहुण्यांपाशी अडखळले.

“आणि आज सकाळी त्यातल्या कुणी विचारलं, नलनी, जेवलीस का?”

मला त्या कायम ‘नलनी’च म्हणाल्या. मी मोत्यांचा सेट पुन्हा सारखा केला. मिस माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या.

“मग तू बोललीस ते कदाचित चुकीचं नाही,” त्या हळूच म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

मला त्यांचा इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. रात्रभर डोकं चालवून मी त्या दोन शब्दांचा निकाल लावला होता. मिस आत आल्या आल्या मी हात वर केला.

“मिस, सोप्पं आहे! लोन ली, म्हणजे जिने लोन घेतलं ती. आणि आपल्याकडे शब्दाला अ लावला की उलटं होतं. न्याय, अन्याय. शांत, अशांत. तसं लोन, अलोन. जिच्या डोक्यावर लोन नाही, ती अलोन!”

मिस खुर्चीत बसल्या. ओढणीचं टोक तोंडात कोंबून हसल्या, चष्मा काढून डोळे पुसून पुन्हा हसल्या. “चरी! चरी आहेस तू!” चरी म्हणजे वेडी. त्यांच्या तोंडचं ते सर्वांत मोठं सर्टिफिकेट होतं, हे मला पुढे कळलं.

“चुकीचं आहे,” श्वास घेऊन त्या म्हणाल्या. “एकदम चुकीचं. पण राहू दे, पुसू नको. लोनली बाई दुसऱ्याकडे बघत बसते, कुणी काही देईल का. बाई अलोन असली की कुणाचं काही देणं लागत नाही.” मग त्यांनी खरं सांगितलं. ‘अलोन’ हा जुन्या इंग्रजीत दोन शब्दांचा होता. ऑल आणि वन. “सगळीच्या सगळी, एक. थोडी किचनमध्ये, थोडी सासूकडे, थोडी शाळेत, असं नाही. पूर्ण बाई एका जागी. असं तुझं कधी झालं होतं, नलनी?”

हा प्रश्न मी घरी घेऊन गेले नाही. घरात ठेवायला जागाच नव्हती.

मिसना हे एकटेपणाचे शब्द फार आवडायचे. बाकीचे मास्तर काळ आणि क्रियापदं शिकवतात. मिस तेही शिकवायच्या, पण फिरून फिरून इथे यायच्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेले होते, त्या एकट्या राहत होत्या, आणि अख्ख्या कॅम्पाला त्यांची दया येत होती. “माणूस एकटा बसला की लोकांना वाटतं, काहीतरी बिघडलंय. लगेच रिपेअर करायला धावतात.” म्हणून त्या शब्द नीट लावून ठेवायच्या, जसं कुणी डबे लावून ठेवतं, मिठाच्या डब्यात साखर जाऊ नये म्हणून. आयसोलेशन म्हणजे दुसऱ्याने बाहेरून घातलेली कडी. सेक्लुजन म्हणजे आपण ओढलेला पडदा. अलूफ शब्द काही केल्या आमच्या लक्षात राहीना, तेव्हा डोंबिवलीहून येणारी सुलभा म्हणाली, अलूफ म्हणजे तोंडाला कुलूप. मिसनी तो तसाच फळ्यावर लिहिला. आणि सॉलिट्यूड? “सॉलिट्यूड सॉलिड असतं,” मिस म्हणायच्या. “त्याला हात लावून बघ. पोकळ लागलं तर ते लोनली.”

मी एकदा म्हटलं, आमच्या मराठीत याला ‘एकांत’ म्हणतात. मिसनी शब्द फोडून पाहिला आणि दचकल्या. “एकाचा अंत? मर्डर?” त्या दिवशी हसायची पाळी माझी होती. मीही “चरी!” म्हणून घेतलं आणि पुन्हा आठवडाभर फळा पुसला.

एक नियम मात्र त्या घोटून घोटून शिकवायच्या. लोनली वुमन म्हणता येतं, अलोन वुमन म्हणता येत नाही. वुमन इज अलोन. “लोनली उतावळा आहे, बाईच्या पुढे पळतो. बाई दिसायच्या आधी तोच दिसतो. अलोनला मॅनर्स आहेत. तो कधी बाईच्या आधी उभा राहत नाही. आधी बाई. मग अलोन.” हे आम्ही कोरसमध्ये म्हणायचो. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, आत भजन चाललंय.

दुपारी जेवण झालं की चहा होईपर्यंत मिसच्या दारावर पाटी लागायची. मराठीत, सिंधीत आणि इंग्रजीत एकच मजकूर: ‘मिस घरी आहे. भेटणार नाही.’ ही पाटी बघून मी थक्क झाले होते. आमच्याकडे कुणी नको असेल तर पोराला दारात पाठवून ‘आई घरी नाही’ म्हणून सांगायची पद्धत. असं खरं खरं, तेही तीन भाषांत?

त्या पाटीमागे काय चालतं हे मला एकदाच कळलं, प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. हो, सॉलिट्यूडची प्रॅक्टिकल परीक्षा होती! मिस एकेकीला आपल्या खोलीत चहाचा कप देऊन एकटीला बसवायच्या आणि स्वतः बाजारात जायच्या. काही करायचं नाही. फक्त असायचं.

माझी पाळी आली. मी चहा प्यायले. कप विसळला. मग म्हटलं, बशीपण विसळू. मग मोरीतली बाकीची भांडी दिसली. मिस परत आल्या तेव्हा मी स्टुलावर चढून त्यांचे मसाल्याचे डबे पुसत होते आणि मोत्यांच्या सेटला हळद लागली होती.

मिसनी पिशवी खाली ठेवली. “फेल,” त्या म्हणाल्या. “मी तुला सॉलिट्यूड दिलं, तू त्याने भांडी घासलीस.”

सुलभा घोरत सापडली. ती पास झाली. हा अन्याय मी अजून विसरलेले नाही.

मिस वर्षातून एकदा, भात लावून झाला की, कोकी म्हणजे कांद्याची जाड रोटी करून, थर्मास घेऊन, रिक्षाने बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्याजवळ जायच्या. झाडाखाली एकट्या बसायच्या आणि संध्याकाळी परत. पहिल्या वेळी काय झालं ते त्यांनी आम्हाला चिडून सांगितलं. शेतातल्या बायकांनी पाहिलं, शहरातली बाई पाण्याकडे तोंड करून एकटी बसली आहे. त्या हळूहळू जवळ आल्या.

“बाई, घरी काय झालं?”

“काही नाही.”

“पोरगा मारतो?”

“पोरगा नाही.”

“मंग नवरा?”

“नवरा पण नाही.”

“अगं बाय बाय बाय!”

मिस जितकं खरं बोलत गेल्या, तितकी केस बिघडत गेली. ही बाई जीव द्यायला आली, याबद्दल बायकांची खात्री पटली. एकीने त्यांच्या चपला काढून घेतल्या, एकीने पिशवी, आणि बाकीच्या त्यांना घेरून बसल्या, पाण्याची बाजू अडवून. मग घरी नेऊन तांदळाची भाकरी खाऊ घातली आणि रिक्षात बसवून ड्रायव्हरला बजावलं, मध्ये कुठे उतरू देऊ नकोस.

“एक दिवस सॉलिट्यूड मागितलं,” मिस म्हणाल्या, “पूर्ण पाडा मिळाला.”

पण भाकरी खाता खाता त्यांनी त्या बायकांना एक शब्द शिकवून ठेवला होता. पुढच्या वर्षी रिक्षातून उतरल्या तर बांधावरून हाक आली, “ए, अलोन आली गं! बसू द्या तिला!” आणि एक बाई म्हैस हाकलायला धावली, ती अलोनच्या अंगावर जाऊ नये म्हणून.

वर्षं गेली. मुलगा इंग्रजीतून बडबडतच इंजिनिअर झाला. आम्ही बदलापूरला बेलवलीत आलो. आमचे हे गेले. मी आजी झाले, खरी खरी, मराठीतली. मिसकडे जाणं कमी झालं, फोन मात्र चालू. मग तो दारं बंद करून बसायचा काळ आला आणि आयसोलेशन हा शब्द भाजीवालीलाही पाठ झाला. मिस फोनवर कडाडल्या, “इतके छान शब्द शिकवले, आणि फेमस कोण झाला? बाहेरून कडी घालणारा!”

आणि त्यानंतर मिसची बराक धोकादायक ठरली. खाली करायची नोटीस लागली.

मिस तेव्हा ऐंशीच्या घरात. पुण्याचा भाचा न्यायला तयार होता. चांगला मुलगा, मोठं घर. पण मिसना स्वतःचं दार हवं होतं. आमच्या समोरच्या विंगमधला, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. मालक तयार, मिस तयार. सोसायटी तयार नव्हती. बॅचलर नको आणि एकटी बाई नको, असा आमचा नियम. आमच्या इमारतीचं नाव ‘सहजीवन’.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मिटिंग बसली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर ऐकायला बसलेल्या म्हाताऱ्या. मिस काठी टेकत आल्या, तोच पांढरा सलवार-कमीज. भाचाही आला होता. आमचे सेक्रेटरी म्हात्रे मूळचे इथलेच, ज्या जमिनीवर बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं शेत होतं. माणूस मोठ्या मनाचा, पण नियम म्हटला की ताठ.

मी आधीच उभी राहून इंग्रजीतून छोटंसं भाषण ठोकलं. काय बोलले ते विचारू नका. मिस कपाळाला हात लावून बसल्या होत्या एवढं आठवतं. सत्तरीला टेकले तरी ती मोत्यांच्या सेटवाली नलिनी अधूनमधून उठतेच माझ्यात.

“बाय, माझं पर्सनल काय नाय,” म्हात्रे मला म्हणाले. “पन रूल हाय.” मग मिसकडे वळून, मान राखायचा म्हणून, खास इंग्रजीत: “मॅडम, प्रॉब्लेम इज, यू आर अ अलोन लेडी.”

मी डोळे मिटले. मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या.

“पुन्हा बोला,” मिस म्हणाल्या.

“अलोन लेडी,” म्हात्रे जरा मोठ्याने म्हणाले.

मिस काठीवर जोर देऊन उठल्या. “मिस्टर म्हात्रे, इंग्लिशमध्ये लोनली लेडी असते. ओल्ड लेडी असते, मॅड लेडी असते, ते दोन्ही मला चालेल. अलोन लेडी नसते. द लेडी इज अलोन. तुम्ही अलोनला पुढे आणलं आणि मला मागे ढकललं. आधी बाई. मग अलोन.”

पायऱ्यांवर खसखस पिकली. म्हात्रे लाल झाले. “ते ग्रामर हाय, मॅडम. मी प्रॅक्टिकल बोलतंय. उद्या तुमाला काय झालं तं दरवाजा कोन फोरनार?”

भाच्याने धागा पकडला. “वही तो, मासी! पुण्याला चला. तुमची रूम रेडी आहे. एसी आहे, अटेंडंट आहे. यहाँ आप लोनली हो जाओगी.”

“रूमला दरवाजा आहे?” मिसनी विचारलं.

“है ना.”

“आतून कडी?”

भाचा घुटमळला. “वो… सेफ्टी के लिए निकलवा दी है.”

 इतक्या वर्षांत मी मिसना पहिल्यांदा शब्द शोधताना पाहिलं.  मला वाटलं, गेलं सगळं. आता या बाईला बिनकडीच्या खोलीत नेऊन ठेवतील, जेवणखाण वेळेवर देतील, आणि पाटी लावायला दारच उरणार नाही.

मग त्या मिटिंगकडे वळल्या. तोच आवाज, क्लासमधला.

“एक प्रश्न. सगळ्यांना. घरात माणसं आहेत, पण आज सकाळपासून एकाने पण विचारलं नाही, जेवलीस का, असं इथे कोण आहे? हात वर.”

 कुणी चहाचा कप खाली ठेवला. कुणी मोबाइलमध्ये बघितलं. माझा हात मांडीवर होता, आणि खरं सांगायचं तर तो तिथे बसून विचार करत होता.

जिन्याच्या पायरीवरून एक हात वर आला. बांगड्यांनी भरलेला, काळा, सुरकुतलेला. म्हात्र्यांची आई. सगळी बिल्डिंग तिला आये म्हणते.

“आये, तू काय करतंस?” म्हात्रे ओरडले.

“हात वर करतंय. तिनं इचारलं ना.”

“तुला घरान काय कमी हाय?”

“कमी काय नाय रं. ताट येतं. टीव्ही लावून देताव. पन ताट ठेवनारी टीव्हीकडं बघत ताट ठेवतं.”

कुणीच हसलं नाही. मिस काठी टेकत तिच्यापर्यंत गेल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. बसायला त्यांना बराच वेळ लागला आणि सगळी मिटिंग थांबून राहिली.

“मिस्टर म्हात्रे,” आयेकडे हात करून तिथूनच त्या म्हणाल्या, “तुम्हाला दरवाजा फोडायचाय ना? हा फोडा. हा लोनलीचा आहे. माझा नुसता बंद असतो.”

म्हात्रे खाली बघत राहिले. आयेने मिसच्या कापलेल्या केसांकडे, काठीकडे नीट पाहून घेतलं आणि निकाल दिला.

“दे रं तिला रूम. येक चावी मी ठेवीन. फोराफोरी कशाला?”

“ठेवा,” मिस म्हणाल्या. “पण दुपारी यायचं नाही.”

“दुपारी मी निजतंय. तूच येऊ नको!”

आता मात्र सगळं पार्किंग हसलं, भाचासुद्धा. म्हात्र्यांनी शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं आणि म्हणाले, “पास.” नियमातलं वाक्य त्या दिवशी खोडलं गेलं. तेव्हापासून आमच्याकडे दोन एकट्या बायका आणि एक बॅचलर राहायला आला आहे, आणि इमारत अजून उभी आहे.

मिस राहायला आल्या तशी पाटी लागली. ‘मिस घरी आहे. भेटणार नाही.’ खाली आयेसाठी म्हणून त्यांनी बंद दाराचं चित्र काढलं होतं. संध्याकाळी मात्र दार उघडं, आणि आये आत, पापड खात. म्हात्र्यांची सून तिला बोलवायला यायची आणि स्वतःच बसून राहायची. आये इंग्रजीतला एकच शब्द शिकली, ‘सॉलिड’, पण तो ती योग्य ठिकाणी वापरायची. हळूहळू साथ पसरली. माझ्या सुनेने स्वयंपाकघराच्या दारावर तसली पाटी लावली आणि आमच्या घरी दुपारचा चहा ज्याचा त्याने करायला सुरुवात झाली. आणि एक दिवस मी पाहिलं, म्हात्रे पार्किंगमध्ये आपल्या गाडीत काचा वर करून बसलेत. मी काच ठोठावली.

“सेक्रेटरी, बाहेर चाललात?”

“नाय,” ते काच बोटभर खाली करून म्हणाले. “सॉलिट्यूड.” आणि काच पुन्हा वर गेली.

मिस गेल्या त्या झोपेतच. सकाळी दूध दारात राहिलेलं दिसलं. दरवाजा फोडावा लागला नाही. आयेने कमरेची चावी काढली, कुलपाला लावली आणि आत जायच्या आधी दारावर टकटक केली. भाचा धावत आला. खरंच चांगला मुलगा, ढसाढसा रडला आणि म्हात्र्यांचे हात धरून म्हणाला, “शी वॉज सो लोनली!”

म्हात्रे रडतच होते. त्यांनी तसंच, रडता रडता, बोट वर केलं.

“नो, नो. लोनली नाय. अलोन.” नाक पुसून त्यांनी वाक्य पुरं केलं. “शी वॉज अलोन. आधी लेडी.”

मी बाजूला उभी होते. मिस असत्या तर त्यांनी ‘चरी’चं पुल्लिंगी रूप वापरलं असतं.

मी मिसना शेवटचं पाहिलं ते आदल्या दिवशी दुपारी, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्या आपल्या खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाय दुसऱ्या खुर्चीवर, हातात कोकीचा तुकडा. वाचत नव्हत्या, टीव्ही नव्हता, फोन नव्हता. स्वतःशीच काहीतरी आठवून हसत होत्या. सगळीच्या सगळी बाई, एका जागी. मी मोरीशी उभी राहून बघतच राहिले. त्यांचं लक्ष गेलं. मी हात हलवायला गेले, तर हातात साबणाचं पातेलं.

मिसनी त्या पातेल्याकडे पाहिलं. मान हलवली. मग बोटाने मला खूण केली: खाली ठेव. आणि उत्तराची वाटही न बघता त्यांनी पडदा ओढून घेतला.

मी पातेलं खाली ठेवलं.